जुन्या संगणकात ग्राफिक्स कार्डचा स्कोअर कमी का येतो? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, चाळीसगाव, कुठूनही प्रश्न आला तरी मशीन साधारण एकच असतं. एखाद्या ऑफिसातून निघालेला एच६१ बोर्डाचा (इंटेल प्रोसेसरचा जुना, साधा मदरबोर्ड) संगणक, त्यात दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आणि वर हौसेनं घेतलेलं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड. बेंचमार्क, म्हणजे कार्डाची ताकद आकड्यात मोजणारी चाचणी, चालवला की आकडा यूट्यूबवाल्याच्या निम्मा. मग खापर कार्डावर. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार इतका चालतो की चांगली कार्डं मातीमोल भावानं विकली जातात. कार्ड बदलण्याआधी बाकीचा संगणक तपासा, आणि ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी तपासा. खालचे प्रश्न साधारण त्याच क्रमाने घेतलेत.

स्कोअर कमी आहे हे नेमकं कशावरून ठरवायचं?

एकूण आकड्यावरून नाही. थ्रीडीमार्क या बेंचमार्क सॉफ्टवेअरच्या फायर स्ट्राइक किंवा टाइम स्पाय चाचणीत शेवटी जो मोठा आकडा येतो, त्यात कार्ड आणि प्रोसेसर दोघांचं गणित मिसळलेलं असतं. खाली ग्राफिक्स स्कोअर वेगळा दिलेला असतो. फायर स्ट्राइकमध्ये त्याच्या शेजारी फिजिक्स स्कोअर, तर टाइम स्पायमध्ये सीपीयू स्कोअर. तुमच्याच कार्डाचा इतरांना मिळालेला ग्राफिक्स स्कोअर शोधा. तुमचा त्याच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर कार्ड ठणठणीत आहे, आणि एकूण आकडा प्रोसेसरनं खाली ओढलाय. आय५-२४०० हा २०११ सालचा चार कोरचा प्रोसेसर. त्याचा फिजिक्स स्कोअर आजच्या प्रोसेसरशेजारी ठेवून रडण्यात अर्थ नाही.

युनिजीनचं हेवन हे दुसरं बेंचमार्क वापरत असाल तर रिझोल्यूशन, क्वालिटी, टेसलेशन आणि अँटी-अलायझिंग, चारही सेटिंग समोरच्याच्या आकड्याशी जुळतात का बघा. एकानं बेसिकवर चालवायचं, दुसऱ्यानं एक्स्ट्रीमवर, आणि ग्रुपवर भांडायचं, हे रोजचं झालंय. शिवाय हेवन २००९ सालचं आहे, जुन्या कार्डांची आपसात तुलना करायला ते ठीक. टाइम स्पायला डायरेक्टएक्स १२ लागतं, म्हणजे विंडोज १० किंवा त्यापुढचं. पहिल्या फेरीचा आकडा धरू नका, दोन-तीन फेऱ्यांनंतरचा धरा. कार्ड तापल्यावर जे टिकतं तेच खरं.

एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० च्या वर जातच नाही. कार्ड लॉक आहे का?

व्ही-सिंक, म्हणजे चित्रांचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग, चालू आहे. बेंचमार्कमध्ये बंद करा, एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये किंवा एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही बंद करा. आकडा ६० वर किंवा ३० वर भिंतीला टेकल्यासारखा थांबत असेल तर नव्वद टक्के हेच कारण.

कार्ड बसवलं, पण स्कोअर ऑनबोर्ड ग्राफिक्सएवढाच येतो.

मागे वळून केबल बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली असेल. हे हसण्यावारी नेऊ नका, कारण यामागे एक खरी अडचण आहे. आपल्याकडचे साडेअठरा इंची जुने मॉनिटर फक्त व्हीजीए केबल घेतात. एनव्हीडियाच्या १००० मालिकेपासून, म्हणजे १०५० टीआय, १०६० वगैरेंपासून, कार्डातून व्हीजीएचा अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही. माणूस कार्डावर व्हीजीएची जागा शोधतो, सापडत नाही, आणि केबल मदरबोर्डच्या निळ्या पोर्टला लावून मोकळा होतो. चित्र दिसतं, म्हणून शंकाही येत नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर घ्या. त्यात आत चिप असते. डीव्हीआयवर बसणारा साधा पिनांचा अ‍ॅडॉप्टर या कार्डांना चालत नाही.

कार्डाचा वापर ५०-६० टक्क्यांच्या वर का जात नाही?

कारण त्याला तेवढं काम मिळतच नाही. पाच एचपीची मोटर बसवली आणि पुढे अर्ध्या इंचाची नळी जोडली, तर मोटरला दोष देऊन काय उपयोग? इथे नळी म्हणजे प्रोसेसर. कार्डानं काय चितारायचं याच्या सूचना प्रोसेसर तयार करतो, आणि तोच दमला की कार्ड रिकामं बसतं.

ओळखायची पद्धत साधी आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका. गेम किंवा बेंचमार्क चालू असताना स्क्रीनवर कार्डाचा वापर आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचा वापर वेगवेगळा दिसेल असं लावा. एकूण सीपीयू वापर बघून फसू नका. चारपैकी एक कोर १०० टक्क्यांवर आणि बाकीचे चाळीसवर असले तरी एकूण आकडा ५५ दिसतो, आणि आपल्याला वाटतं प्रोसेसर मोकळा आहे. कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड पूर्ण ताकदीनं चाललंय. कार्ड साठवर आणि एखादा कोर शंभरवर असेल तर अडथळा प्रोसेसरचा.

दुसरी परीक्षा याहून सोपी. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस तेवढेच राहिले तर कार्डाचा संबंध नाही. अशा वेळी ग्राफिक्स सेटिंग कमी करून काही मिळत नाही. उलट वाढवा, एफपीएस तेवढेच राहतील आणि चित्र चांगलं दिसेल.

८ जीबीची एकच रॅम आहे. फरक पडतो का?

पडतो. डीडीआर३ १३३३ ची एक पट्टी सेकंदाला सुमारे १०.६ जीबी माहिती देते, दोन पट्ट्या ड्युअल चॅनेलमध्ये लावल्या की २१.३. त्यामुळे ८ च्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन बऱ्या. ग्राफिक्स स्कोअर फारसा हलणार नाही, पण फिजिक्स स्कोअर आणि गेममधले झटके यांत फरक दिसतो. एच६१ बोर्डाला दोनच स्लॉट असतात आणि १६ जीबी ही मर्यादा, एवढं लक्षात ठेवून घ्या. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीच्या पानावर चॅनेलसमोर ड्युअल लिहिलेलं आलं पाहिजे.

बोर्डाचा स्लॉट जुना आहे, त्यात नवं कार्ड दबतं असं ऐकलं. खरं का?

कार्डावर अवलंबून आहे, आणि इथेच लोक सर्वांत जास्त फसतात.

कार्ड बसतं तो स्लॉट म्हणजे पीसीआय एक्सप्रेस, आणि लेन म्हणजे त्यातल्या माहितीच्या वाटा. त्याची १.१ पिढी सोळा लेनमध्ये सेकंदाला सुमारे ४ जीबी माहिती नेते, २.० पिढी ८, आणि ३.० जवळपास १६. दुसऱ्या पिढीचा इंटेल म्हणजे २.०. तिसऱ्या पिढीचा, उदाहरणार्थ आय५-३४७०, असेल तर बऱ्याच एच६१ बोर्डांवरही ३.० मिळतं. आता जीटीएक्स १०५० टीआय, १६५०, आरएक्स ५७० ही सगळी सोळा लेनची कार्डं. २.० स्लॉटमध्येही त्यांना ८ जीबी मिळतात, नुकसान थोडं.

पण आरएक्स ६५०० एक्सटी आणि ६४०० बघा. २०२२ साली आलेली ही कार्डं दिसायला लांबलचक कनेक्टरची, पण आत फक्त चार लेन. ४.० स्लॉटमध्ये त्यांना ८ जीबी मिळतात, ३.० मध्ये ४, आणि तुमच्या आय५-२४०० वाल्या बोर्डात जेमतेम २. त्यात मेमरी ४ जीबी. ती भरली की उरलेला डेटा या चिंचोळ्या वाटेनं रॅममधून आणावा लागतो, आणि गेम ठेचकाळत चालते. कार्ड वाईट नाही, जागा चुकली. जुन्या संगणकासाठी अशा वेळी १६५० सारखं सोळा लेनचं कार्ड बरं.

आपल्याकडे काय चाललंय ते जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेससमोर दिसतं. तिथे ‘@ x१६ १.१’ दिसलं म्हणून घाबरू नका, रिकामं असताना कार्ड वीज वाचवायला खाली उतरतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबून रेंडर टेस्ट चालवा आणि तेव्हाचा आकडा वाचा. तेव्हाही सोळाऐवजी चार किंवा एक लेन दिसली तर कार्ड काढा, खोडरबरानं सोनेरी पट्टी हलक्या हातानं पुसा, नीट बसवा. दोन लांब स्लॉट असलेल्या बोर्डावर प्रोसेसरजवळचा वापरा, खालचा बहुधा चारच लेनचा असतो.

इंटेलचं आर्क कार्ड स्वस्त मिळतंय. घेऊ का?

या संगणकात नको. आर्कला रीसायझेबल बार ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) लागते, इंटेलची स्वतःची शिफारस दहाव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरची आहे. त्याशिवाय ते बरंच मागे पडतं.

हिवाळ्यात स्कोअर चांगला होता, मे महिन्यात घसरला. कार्ड म्हातारं झालं का?

कार्ड तेच आहे, तुमची खोली बदलली. परीक्षणं करणारे लोक २२ ते २५ अंशांच्या खोलीत बसतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास फिरतो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी ४० अंश ही काही बातमी नव्हे. खोलीचं तापमान जेवढं वाढतं जवळपास तेवढंच कार्डाचं वाढतं, कारण पंखा खोलीचीच हवा फेकतो. २४ अंशांच्या खोलीत ६८ वर राहणारं कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८४ वर जाणार. एनव्हीडियाची पास्कल पिढीची (१००० मालिकेतली) बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःचा वेग आवरायला लागतात. त्यात बिघाड नाही, तशीच त्यांची रचना आहे.

एनव्हीडियाचं कार्ड असेल तर जीपीयू-झेडच्या सेन्सर पानावर परफकॅप रीझन नावाची ओळ असते. तिथे थर्मल आलं तर उष्णता, पॉवर आलं तर कार्डाची वीजमर्यादा. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच बेंचमार्क पुन्हा चालवा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर कार्डाचा पंखा ठीक आहे, कॅबिनेटमध्ये हवा कोंडतेय. मागे बाहेर फेकणारा आणि पुढे आत घेणारा असे दोन १२० एमएमचे पंखे लावले की बहुतेक वेळा भागतं. झाकण काढूनही तापमान पहिल्या मिनिटात नव्वदकडे धावत असेल तर कार्डाची पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी) वाळली आहे.

प्रोसेसरकडेही बघा. इंटेलसोबत आलेल्या कूलरच्या चार खुंट्यांपैकी एखादी निसटलेली असते, आणि दहा-बारा वर्षांची पेस्ट खडूसारखी झालेली असते. हे प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेले की वेग पाडतात. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये थर्मल थ्रॉटलिंगसमोर (तापल्यामुळे वेग पडणं) ‘येस’ दिसलं की समजा.

तुलनाच करायची तर पहाटे पाचला करा. चेष्टा नाही, उन्हाळ्यात आपल्याकडे एवढीच वेळ परीक्षणवाल्यांच्या खोलीच्या जवळ जाते.

कूलरसमोर कॅबिनेट ठेवलं तर?

खोलीत कूलर चालू द्या, खिडकी उघडी ठेवा, हवा थंड होते त्याचा फायदा कार्डालाही मिळतो. पण थेट झोतात ठेवू नका. ओलसर हवेसोबत बारीक तुषार येतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. त्यावर धूळ चिकटली की ती ब्लोअरनं निघत नाही.

धूळ कशी काढावी?

अंगणात, ब्लोअरनं, तोंडाला रुमाल बांधून. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, हवेच्या झोतानं तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. जिनिंगच्या परिसरात राहत असाल तर कापसाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांमध्ये वाकळेसारखे बसलेले सापडतील. वरून दिसत नाहीत, पंखा उघडला की दिसतात. कापसाच्या हंगामानंतर एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा साफ केलं तर पुरतं. ओलं फडकं नको.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं. त्याचा स्कोअरवर परिणाम होतो का?

थेट फारसा नाही. वीज अपुरी पडली की संगणक हळू होण्यापेक्षा बहुधा बेंचमार्कच्या मध्यात बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो. म्हणून ‘स्कोअर कमी’ आणि ‘मध्येच बंद’ या दोन तक्रारी वेगळ्या धरा.

दुसरी असेल तर एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज देणारा डबा, बघा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ४५० लिहिलेलं असतं, ते वाचू नका. स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि १२ नं गुणा. १६ अँपिअर असतील तर १९२ वॉट, तेही स्टिकर खरं बोलत असेल तर. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत मिळतात, सहा पिनांतून आणखी ७५, आठ पिनांतून १५०. आरएक्स ५८० एकटं १८५ वॉटच्या घरात खातं. ते असल्या डब्यावर मोलेक्सचे (जुन्या चार पिनांच्या कनेक्टरचे) जोड लावून चालवणं म्हणजे वायर वितळवायची तयारी. १०५० टीआय ७५ वॉटचं, त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी पिन लागतच नाही, म्हणून जुन्या संगणकात ते इतकं चालतं. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या छोट्या कॅबिनेटमध्ये तर एसएमपीएसच २४० वॉटचा आहे, तिथे ७५ वॉटच्या लो प्रोफाइल कार्डापलीकडे विचार नको.

चालू बेंचमार्कमध्ये १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली जायला नको. सॉफ्टवेअरचा हा आकडा कधीकधी बिनबुडाचा असतो, मल्टिमीटरनं मोलेक्सच्या पिवळ्या-काळ्या वायरवर मोजलेला खरा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. संगणक, मॉनिटर आणि मोठं कार्ड मिळून त्याच्या काठावर असाल तर लाइट गेल्याबरोबर सगळंच जातं. आणि अर्थिंग करून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बेंचमार्क राहू द्या, आधी वायरमनला बोलवा.

सेकंडहँड कार्ड नकली आहे का, कसं ओळखू?

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घ्या नाहीतर ऑनलाइन घ्या, पैसे देण्याआधी जीपीयू-झेड उघडा. जुन्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयचं बायोस (कार्डात भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्यांना १०५० टीआय म्हणून विकायचा धंदा बराच चालला. जीपीयू-झेड अशा बऱ्याच कार्डांच्या नावाआधी ‘फेक’ असं लिहितं. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ क्यूडा कोर आणि जीपी१०७ चिप दिसते. कार्डावर व्हीजीए पोर्ट असेल तर तिथूनच परत फिरा, कारण वर सांगितलंय.

नकली नसूनही कमी असलेली कार्डं वेगळी. आरएक्स ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर असतात, पण त्याच नावाखाली २०४८ वालंही मिळतं, जे कामाला ५७० च्या जवळ जातं. जीटी १०३० दोन प्रकारचं आहे. जीडीडीआर५ वाल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी नेते, डीडीआर४ वाल्याची १६.८. नाव एकच, स्कोअर निम्म्याच्या आसपास. जीटी ७३० ची कहाणीही तशीच. दुकानदार नेहमी फसवत असतो असं नाही, त्यालाही बऱ्याचदा फरक माहीत नसतो.

क्रिप्टो मायनिंगमधून आलेल्या ५७०-५८० चं बायोस बदललेलं असू शकतं, कोरचा वेग मुद्दाम पाडलेला. जीपीयू-झेडमधला डीफॉल्ट क्लॉक कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. काही कार्डांवर दोन बायोसचा बारीक स्विच असतो, तो सरकवला तर फुकटात काम होतं.

ड्रायव्हर नवीनच टाकावा का?

कार्ड बदललं असेल तर आधी सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) चालवून जुन्याची साफसफाई करा, विशेषतः एएमडीवरून एनव्हीडियावर किंवा उलट गेला असाल तर. मग कंपनीच्या साइटवरून घ्या. जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकेतल्या केप्लर कार्डांना एनव्हीडियाचे गेमसाठीचे नवे ड्रायव्हर २०२१ साली थांबले, एएमडीनंही त्याच वर्षी एचडी ७००० ते आर९ फ्युरीपर्यंतची कार्डं जुन्या यादीत टाकली. त्यांच्यासाठी शेवटचा चालणारा ड्रायव्हर शोधून तोच ठेवा.

प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झवरच अडकलाय.

आधी पॉवर प्लॅन बघा, ‘पॉवर सेव्हर’ असेल तर बदला. रिकामं असताना १.६ दिसणं बरोबर आहे, भार पडल्यावर आय५-२४०० नं ३.१ च्या वर जायलाच हवं. प्लॅन ठीक, तापमान ठीक आणि तरीही हलत नसेल तर बायोस डीफॉल्टवर आणा. त्यानंही नाही झालं तर बोर्डाचा वीजपुरवठा थकलाय, फुगलेले कपॅसिटर शोधा.

ओव्हरक्लॉक करून, म्हणजे वेग ठरलेल्यापेक्षा वाढवून, भरून काढू का?

एच६१ वर प्रोसेसरचा होत नाही. कार्डाचा होतो, पण मे महिन्यात नको.

कार्ड ठीक निघालं. आता पैसे कुठे घालू?

आय५-२४०० असेल तर सेकंडहँड आय७-३७७० बघा. सॉकेट तोच, आठ थ्रेड, आणि बोर्डानं साथ दिली तर स्लॉटही ३.० चा होतो. त्याआधी बोर्डाचं बायोस तिसऱ्या पिढीला ओळखणारं करून घ्यावं लागतं. ते अपडेट यूपीएसवर करा, लाइट जायच्या वेळेला तर मुळीच नको, मध्येच वीज गेली तर बोर्ड मेला. रॅमची दुसरी पट्टी त्याहून स्वस्त. एसएसडीनं स्कोअर वाढत नाही, पण गेम उघडताना आणि नकाशा लोड होताना जे अडकतं ते सुटतं.

दुकानात दाखवायला नेताना काय न्यावं?

पूर्ण संगणक, एसएमपीएससकट. नुसतं कार्ड नेलं तर ते दुकानातल्या चांगल्या मशीनवर चांगलंच चालेल. बेंचमार्कचा निकाल आणि जीपीयू-झेडच्या दोन्ही पानांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि मोटारसायकलवर किंवा एसटीत कॅबिनेट नेत असाल तर कार्ड काढून पिशवीत वेगळं घ्या. दोन पंख्यांचं जड कार्ड रस्त्याच्या खड्ड्यांत स्लॉटला हिसके देतं, आणि मग पोचल्यावर डिस्प्लेच येत नाही.